मरळीसाठी लाकडी बेडूक: सुतारकामातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून

तान्हा पोळा जवळ आला की गावोगावच्या सुताराच्या पडवीत लाकडी बैलांची रांग लागते आणि तिच्याखाली तुकड्यांचा ढीग. बैलाचे पाय, शिंगं, गाडीची चाकं कापून उरलेलं बोटभर, वीतभर लाकूड. बाकीच्या वर्षात दार-चौकटीचं काम असतं, तेव्हाही असाच ढीग पडतो. "काका, हे चार तुकडे नेऊ का जी?" म्हणून विचारलं तर "ने ना बापू, नाही तर चुलीतच जाते" याच्यापलीकडे कोणी काही म्हणत नाही. त्या ढिगातून मरळ मासा गरीवर (गळावर) धरायला आमिष म्हणून लाकडी बेडूक कसा घडवायचा, ते इथे सांगतो. शेवटी बुडणाऱ्या नकली माशाबद्दलही थोडंसं आहे, पण आमच्या विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, खरी मजा बेडकाचीच.

कारण मरळ. ती नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, हवा घ्यायला तिला अधूनमधून वर यावंच लागतं. कमळाच्या पानांत, शिंगाड्याच्या वेलीत, जलपर्णीच्या काठाला ती दबा धरून असते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर, उंदरावर तुटून पडते. म्हणजे आपल्याला हवी ती वस्तू पाण्यावर तरंगणारी, वेलीत न अडकणारी आणि जबड्याखाली न फुटणारी. रबरी बेडूक बाजारात मिळतो, पण मरळीच्या दातांनी तो फाटतो आणि मग त्यात पाणी भरतं. लाकडाला दातांचे व्रण पडतात, एवढंच.

पुढे जाण्याआधी माझं एक मत: बहुतेक जण सगळी हौस रंगावर घालवतात. मरळ खालून बघते. तिला दिसतो तो उजेडासमोरचा काळा आकार आणि त्याची हालचाल. म्हणून लाकूड आणि तोल यांना वेळ द्या, रंग शेवटी आणि थोडक्यात.

लाकूड पारखणं

ढिगातलं प्रत्येक लाकूड बेडकाला चालत नाही. शिवण सगळ्यांत उत्तम: हलकी, सरळ रेषेची, पटाशीला मऊ आणि उन्हापाण्यात फारशी न वाकणारी. सावर आणि पांगारा तिच्याहून हलके, पण इतके मऊ की नुसता नखाचा दाब दिला तरी खड्डा पडतो. वरचा लेप जाड दिला तरच वापरा. साग जड असला तरी कामाचा आहे, त्याचं पुढे सांगतो. बीजा, ऐन, बाभूळ यांचे तुकडे सुताराकडेच राहू द्या, त्यांचा बेडूक गरी लावली की बुडतो. एमडीएफ आणि भुसा दाबून केलेल्या पाट्या अजिबात नकोत. पाणी लागलं की फुगून त्यांचा लगदा होतो. प्लायवूडमध्ये ७१० मार्काचं, म्हणजे पाण्यात टिकणारं, चालेल, पण त्याच्या थरांमुळे गोलाई नीट येत नाही.

लाकूड ओळखता येत नसेल तर बादली आहे. तुकड्याची सारख्या जाडीची, जाडीपेक्षा बरीच रुंद अशी पट्टी रंधून घ्या आणि पाण्यावर आडवी सोडा. जाडीचा जितका हिस्सा पाण्याखाली जाईल तितकी त्या लाकडाची घनता. २० मिलिमीटर जाड पट्टी ९ मिलिमीटर बुडाली तर घनता ०.४५, म्हणजे शिवणीच्या आसपासची. १३ बुडाली तर ०.६५, म्हणजे सागासारखी. पट्टी पाण्यात टाकल्या टाकल्या माप घ्या, तासभर ठेवली तर ती पाणी पिते.

लाकूड वाळलेलं हवं. पावसाळ्यात आणलेला तुकडा चुलीच्या वर, फडताळात किंवा माळ्यावर महिनाभर पडू द्या. ओल्या लाकडाचा बेडूक केला तर तो वाळताना आकसतो आणि वरच्या लेपाला केसासारख्या भेगा पडतात. गाठ असलेला, टोकाला चिरलेला तुकडा घेऊ नका.

वजनाचा हिशोब

हा भाग वहीवर करा, लाकडावर नंतर.

६५ मिलिमीटर लांब, २८ रुंद, २२ जाड असा ठोकळा घेतला तर त्याचं आकारमान ४० घनसेंटीमीटर. तासून बेडकाचा आकार दिल्यावर साधारण २५ उरतं. म्हणजे सगळं मिळून वजन २५ ग्रॅमच्या आत राहिलं तरच तो तरंगेल. शिवणीचं अंग सुमारे ११ ग्रॅम. जोडगरी (एकाच डोळ्याची, दोन टोकांची गरी), तार, बोल्ट, नट मिळून ७ धरा. झाले १८. वर १ ग्रॅम गोंद आणि रंगाचा. अजून ६ ग्रॅमची जागा आहे, पण ती सगळी भरायची नाही. अंगाचा पाचवा हिस्सा पाण्याबाहेर राहिला पाहिजे. म्हणजे फार तर १ ग्रॅमचं ओझं पोटात घाला.

हाच हिशोब सागाचा करा: अंगच १६, त्यात ७ आणि १, झाले २४. तरंगेल, पण फक्त नाकपुड्या वर ठेवून. असा बेडूक मोकळ्या पाण्यात चालतो, वेलीवरून ओढायला नाही. सागाचाच करायचा असेल तर ठोकळा थोडा जाड घ्या. लाकूड जसं मिळेल तसा ठोकळा ठरवायचा, ठोकळा आधी ठरवून लाकूड शोधत बसायचं नाही.

ओझ्यासाठी शिसं वितळवू नका, विशेषतः स्वयंपाकाच्या चुलीवर तर नाहीच. त्याची वाफ आणि राख विषारी असते. सायकलच्या दुकानात छर्रे मिळतात. मागच्या चाकाचा ६.३५ मिलिमीटरचा छर्रा जेमतेम १ ग्रॅमचा आणि पुढच्या चाकाचा ४.७६ मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमहून थोडा कमी. इतकं बारीक मापाचं वजन दुसरं कुठे मिळणार?

ठोकळा चौकोनी असतानाच

सगळी छिद्रं आणि खाचा ठोकळा चौकोनी असतानाच करून घ्या. एकदा गोल तासला की तो शिकंज्यात सरळ बसत नाही, गिरमिट तिरकं जातं आणि तिरक्या छिद्राचा बेडूक आयुष्यभर एका कुशीवर पोहतो.

लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आकारासाठी जुनी लग्नपत्रिका मधोमध दुमडा, अर्धा बेडूक काढून कापा, उघडली की दोन्ही बाजू सारख्या. वरून दिसणारा आकार पेरूच्या फोडीसारखा: डोक्याकडे रुंद, शेपटाकडे निमुळता. ठोकळ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे, मधली रेषा पेन्सिलने ओढून घ्या. ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका.

आता खाचा. पोटाच्या मधल्या रेषेवर नाकापासून शेपटापर्यंत बारीक पात्याच्या करवतीने उभा चीर घ्या, जाडीच्या निम्म्यापर्यंत खोल. यात १ मिलिमीटरची स्टेनलेस तार बसते. मरळ ओढली की सगळा ताण या तारेवर येतो, लाकडावर येत नाही. नुसता कडीचा स्क्रू नाकात पिळून काम भागवणारे बरेच आहेत. लहान माशाला तो पुरतो, पण दोन-तीन किलोची मरळ वेलीतून बाहेर काढताना मऊ लाकडातून उपटून येतो.

शेपटाकडे दुसरी खाच घ्या, ही आडवी, १५ मिलिमीटर खोल आणि जोडगरीची दांडी जेमतेम सरकेल इतकीच उंच. जोडगरीच्या दोन दांड्या शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे आडव्या खाचेत ती सपाट पडते आणि कलंडत नाही. टोकं पाठीकडे वरच राहतात. मग शेपटाच्या टोकापासून ८ मिलिमीटर आत, पाठीतून पोटापर्यंत उभं छिद्र ३ मिलिमीटरचं. त्यातून ३ मिलिमीटरचा बोल्ट जाईल, तो गरीच्या डोळ्यातून आणि तारेच्या मागच्या वेढ्यातून ओवायचा. नट पोटाकडे. गरी बोथट झाली, गंजली, की बोल्ट काढा, नवी घाला, बेडूक तोच. बोल्ट-नटचं वजन शेपटाकडे पडतं म्हणून नाक आपोआप वर उचलतं, हा वरचा फायदा.

छर्ऱ्यासाठी पोटात ६.५ मिलिमीटरचं छिद्र, मध्याच्या किंचित मागे, चिरेच्या थेट रेषेवर. वजन जितकं खाली तितका बेडूक उलटण्याची भीती कमी. छर्रा अजून आत टाकू नका.

तासणं

पटाशीने कोपरे उडवून आधी आठ बाजू करा, मग सोळा, मग कानस. थेट गोल करायला गेलं की एक गाल नेहमी जास्त जातो. तोंडाची बाजू सपाट ठेवून तिला थोडी पोकळ करा: गोल कानशीने किंवा गोल पटाशीने २ ते ३ मिलिमीटर खोल वाटी. ओढताना ती वाटी पाणी पुढे ढकलते आणि 'बुडुक' असा आवाज होतो. वाटीची खालची कड वरच्या कडेपेक्षा किंचित पुढे असेल तर पाणी उडतं. वरची कड पुढे असेल तर बेडूक पाण्यात डोकं न घालता वेलीवर चढतो. दाट वेलीसाठी दुसरा प्रकार करा.

मग पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०. त्यापुढे जायची गरज नाही, फार गुळगुळीत लाकडाला रंग धरत नाही. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने अंग पुसा, वाळू द्या. दबलेले धागे उभे राहतात, ते पुन्हा २२० ने हलकेच काढा. सागाची धूळ नाकाला त्रास देते, तोंडावर दुपट्टा बांधूनच घासा.

पाणी आत जाऊ न देणं

रंगाआधी लाकूड बंद करायचं. विदर्भात यासाठी दोन सोयीच्या गोष्टी आहेत, जवसाचं तेल आणि लाख.

घाणीवरचं कच्चं जवस तेल कोमट करून त्यात बेडूक रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पुसा आणि टांगून ठेवा. हे तेल हवेत सुकून घट्ट होतं, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. हार्डवेअरमधलं उकळलेलं जवस तेल दोन-तीन दिवसांत सुकतं. शेंगदाण्याचं, सरकीचं, खोबऱ्याचं तेल असं नीट सुकत नाही, ते वापरू नका. आणि हे लक्षात ठेवाच: जवस तेलाचं पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं, तेही भुशाच्या ढिगाजवळ. फडकं उलगडून अंगणात वाळवा किंवा पाण्यात बुडवून फेका.

घाई असेल तर चपडा. पॉलिशवाल्याकडे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असतेच. तिचे तीन पातळ हात दिले की अर्ध्या दिवसात लाकूड बंद. पण चपडा वरचा थर म्हणून ठेवू नका, पाण्यात राहिला की पांढरा पडतो. तो फक्त आतला थर.

बादलीतला तोल

चपड्याचे हात सुकले की खरी परीक्षा. तार चिरेत बसवा: पुढे नाकातून बाहेर येणारी गोल कडी, मागे बोल्टभोवती एक वेढा. बोल्ट, गरी, सगळं लावा, पण गोंद अजून नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक कापलेली रिंग अंगाभोवती चढवा आणि तिच्याखाली पोटाशी छर्रा दाबून धरा. आता बादलीत सोडा.

बेडूक नाक वर करून, पाठ थोडी बाहेर ठेवून, सरळ उभा राहिला पाहिजे. कुशीवर झुकला तर छर्रा मधल्या रेषेवरून हलला आहे किंवा एक गाल जड राहिला आहे. जड गालावर कानस फिरवा. पाठीवर उलटला तर गरीचं वजन वर जास्त झालं; छर्रा आणखी एक. शेपूट खोल बुडून नाक छताकडे गेलं तर छर्रा पुढे सरकवा. रिंग सरकवत, पुन्हा सोडत, दहा मिनिटं याला द्या. बोटाने डोकं दाबून सोडा. तो एक-दोन हेलकाव्यांत पुन्हा सावरला तर तोल बसला. नीट बसलेल्या जागी पेन्सिलने खूण करा. आधी पाडलेल्या छिद्राशी ती जुळत नसेल तर छिद्र त्या बाजूला लांबवा.

मग कायमचं बसवणं: चिरेत तार, छिद्रात छर्रा, आणि वरून दोन नळ्यांचा हळू सुकणारा अॅराल्डाइट, त्यात बारीक भुसा कालवून. पाच मिनिटांत घट्ट होणारा गोंद पाण्यात लवकर सुटतो, तो नको. शेपटाकडची आडवी खाच गोंदापासून वाचवा, तिच्यात मेणाचा तुकडा खुपसून ठेवा. रात्रभर थांबा, मग कानशीने सपाट करा.

रंग आणि वरचा लेप

पोट पिवळसर पांढरं, पाठ गडद हिरवी किंवा काळी. संध्याकाळसाठी पूर्ण काळा बेडूक मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. घराच्या दाराला उरलेला ऑइलपेंट चालेल. पाठीवर खवले किंवा ठिपके हवे असतील तर कांद्याची जाळीची पोती ताणून वरून रंगाचा स्प्रे मारा. डोळ्यांसाठी टिकल्या: पिवळी मोठी, तिच्यावर काळी लहान. वरून लेप आला की त्या निघत नाहीत.

लेपाबाबत एकच सावधगिरी. सुताराकडचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा त्याचा थिनर ऑइलपेंटवर गेला तर रंग सुरकुतून उठतो. ऑइलपेंट असेल तर चांगला आठवडाभर वाळवून वर पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश किंवा इपॉक्सी द्या. जवस तेलात भिजवलेल्या लाकडावर तेल पूर्ण सुकण्याआधी काहीही चढवू नका, लेप चिकट राहतो.

इपॉक्सी सुकताना खाली ओघळते आणि पोटाखाली थेंब धरते. बेडूक सतत फिरता राहिला तर लेप सारखा बसतो. उन्हाळा संपल्यावर कूलर उघडून ठेवलाच असतो. त्याच्या जाळीच्या झडपा हलवणारी स्विंग मोटर अगदी सावकाश फिरते. तिच्या दांड्याला क्लिप लावून बेडूक अडकवा आणि पाच-सहा तास फिरू द्या. मोटर घरच्या विजेवर चालते, जोड नीट टेप करा आणि ओल्या हाताने जवळ जाऊ नका. मोटर नसेल तर पहिला तासभर दर दोन-तीन मिनिटांनी हाताने उलटा.

गरी ३/० मापाची जोडगरी घ्या. टोकं पाठीच्या रेषेपेक्षा किंचितच वर असावीत. फार वर असली तर वेल अडकते, खाली दबली तर मरळ लागत नाही. गरीचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. छोटी मरळ सोडून देताना तिचा जबडा वाचतो, आणि कधी आपल्याच बोटात घुसली तर डॉक्टरकडे न जाता निघते. शेपटाला दोन रबरी पट्ट्या, नाही तर सुतळीचे उसवलेले धागे बांधले की पाय झाले.

नकली मासा, थोडक्यात

सागाचे पातळ तुकडे इथे कामी येतात. ९० मिलिमीटर लांब, माशासारखा चपटा आकार, छर्रे पोटात पुढच्या निम्म्यात, पोटाखाली आणि शेपटाला एकेक गरी. बुडवण्यासाठी हनुवटीला पट्टी लागते: जुनी सीडी कापा, ती १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेटची असते. गरम पाण्यात मिनिटभर ठेवून कात्रीने कापली तर तडकत नाही. वरचा चमकता थर चिकटपट्टीने उचलून टाका. पट्टी उभी बसवली तर मासा उथळ पाण्यात जोराने डुलतो, अंगाच्या रेषेत पुढे झुकवली तर खोल जातो. गोसीखुर्द धरणासारख्या मोठ्या पाण्यात शिवडा माशासाठी खोल जाणारा करा. ओढताना तो डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवा. उजवीकडे पळाला तर उलट.

तलावावर

जायच्या आधी विचारा. बहुतेक मामा तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि बीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं. संस्थेच्या माणसाला सांगून, लागली तर पावती फाडून बसा. ढिवरांच्या जाळ्यावरून आणि शिंगाड्याच्या लागवडीवरून गरी फेकू नका. वेल तुटला तर त्यांचं पीक गेलं. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच यांच्या हद्दीतल्या पाण्यात तर प्रश्नच नाही.

पावसाळ्यात लालसर नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर खदखदताना दिसला तर त्याच्याखाली आईबाप राखण करत असतात. त्यांच्यावर बेडूक टाकला की ते हमखास तुटून पडतात, पण राखण गेली की बाकी मासे तासाभरात पिल्लं साफ करतात. तिथून पुढे सरका.

सकाळी ऊन चढण्याआधी किंवा दिवस मावळताना, मरळ जिथे हवा घ्यायला वर आली तिथून हातभर पुढे बेडूक टाका. दोन-तीन झटके, मग थांबा. पुन्हा दोन झटके. पानावर चढवून पानाच्या कडेवरून हळूच पाण्यात उतरवा. बहुतेक झडप तिथेच पडते. पाणी फुटलेलं दिसलं तरी लगेच हिसका देऊ नका. दोरीला वजन जाणवेपर्यंत, म्हणजे एखादा श्वास, थांबा आणि मग जोरात. साधं तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) इथे ताणतं आणि गरी रुतत नाही, म्हणून विणलेली दोरी घ्या, निदान १५ किलोची. एकदा लागली की तिला डोकं खाली घालू द्यायचं नाही, वेलीत शिरली तर मासाही जातो आणि बेडूकही.

घरी आल्यावर बेडूक डब्यात बंद करू नका, सावलीत टांगून वाळवा. गरीच्या टोकांवर सायकल ट्यूबचा तुकडा चढवा. दातांच्या खुणा लेपाखालच्या लाकडापर्यंत गेल्या असतील तर त्याच दिवशी तिथे घरातल्या पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थेंब लावा. एकदा पाणी आत शिरलं की पुढच्या वेळी बेडूक बादलीतच एका अंगावर झोपलेला दिसेल.